सांजांवाचे वोजें

मृगाने मातीचा वास उठवावा आणि आर्द्रेने विहिरी भराव्यात, असा आपल्या सीमाभागातील पावसाचा जुना क्रम आहे. बेळगाव-खानापूरकडे भाताची धूळवाफ पेरणी उगवून वर आलेली असते; निपाणी-चिकोडीकडे तंबाखूची रोपे टाकण्याची लगबग चालू असते; शेजारच्या शेतकऱ्यांच्या अंगणात कर्नाटकी बेंदराचे बैल नटून गेलेले असतात, नाही तर नटावयाचे असतात. याच दिवसांत, २४ जून रोजी, ख्रिस्तसभा बाप्तिस्ता संत योहानाचा जन्मोत्सव साजरा करते. गोव्याशी नाते असलेल्या आपल्या घरांत या सणाला ‘सांजांव’ म्हणतात. ‘साव जुआंव’ या पोर्तुगीज नावाचे ते आपल्या जिभेने केलेले सोयीचे रूप होय.

संतांचे सण आपण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी करतो, कारण भक्ताचा मृत्यू हाच त्याचा स्वर्गातील जन्म, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु ज्यांचा पृथ्वीवरील जन्मदिवस रोमच्या पंचांगात सण म्हणून मांडला आहे, असे तिघेच: प्रभू येशू, त्याची पवित्र माता मारिया आणि हा योहान. याचे कारण संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात सापडते. वृद्ध एलिझाबेथ सहा महिन्यांची गरोदर असता पवित्र मारिया डोंगराळ मुलखातून प्रवास करून तिच्या भेटीस गेली. मारियेचा शब्द कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बालकाने आनंदाने उडी मारली. हे सहा महिने पंचांगातही तंतोतंत पाळलेले आहेत. नाताळापूर्वी सहा महिने मोजा, तुम्ही योहानाच्या दारात येऊन उभे राहता. संत अगुस्तीन यांनी तर आपल्या प्रवचनांत दाखवून दिले आहे की, योहानाच्या सणापासून दिवस लहान होऊ लागतो आणि ख्रिस्तजन्मापासून तो वाढू लागतो. आपण कमी व्हावे व ख्रिस्त वाढावा, हे योहानाचे मागणे जणू सूर्यानेच मान्य केले!

गोव्यात या उडीलाच सणाचे रूप आले. सकाळची मिस्सा झाली की तरुण मंडळी डोक्यावर ‘कोपेल’ घालून बाहेर पडतात. कोपेल म्हणजे रानवेली, नेचे, जास्वंद, अबोली, जे काही पावसाने नुकतेच हिरवे केले असेल त्याचा गुंफलेला मुकुट. कोणी त्यात फळेही अडकवितो. बरोबर घुमट आणि कासाळे. घुमट हे मातीच्या घड्याचे, एका तोंडाला चामडे ताणलेले वाद्य. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत, परंतु घोरपडीला वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे लावतात, आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान्यता दिली. ही मंडळी ‘विवा सांजांव!’ असा घोष करीत एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जातात आणि वाटेत जी विहीर, जे तळे, जो ओढा भेटेल त्यात उड्या टाकतात. घरधनी त्यांना फळे, खाऊ व पेय देतो. काही जण बाटली दोरीने बांधून विहिरीतच सोडतात, उडी घेणाऱ्याने ती शोधून काढावी म्हणून. शिवोलीस संत अंतोनीच्या देवळाजवळच्या खाडीत आसपासच्या गावांचे नटविलेले पडाव वाजत-गाजत येतात, आणि पाच दिवसांनी, २९ जून रोजी, संत पेत्रूच्या सणाला कोळी बांधव दोन होड्या एकत्र बांधून ‘सांगोड’ काढतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, शेतकऱ्याच्या पेरण्या उरकलेल्या असतात. हातांना थोडी उसंत आणि पाण्याला बहर, अशा सांध्यावर हा सण येतो.

येथे एक गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते. युरोपात हाच सण अग्नीचा आहे. तिकडे हा उन्हाळ्याचा ऐन मध्य. योहानाच्या पूर्वरात्री टेकड्यांवर होळ्या पेटवितात, पोर्तुगालमधील पोर्तो शहरात रात्रभर रस्ते जागे असतात. तोच सण समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यास लागला आणि त्याला दिसला तो धो-धो पाऊस. ओल्या लाकडांची होळी कोण पेटविणार? लोकांनी अग्नी सोडला आणि पाणी धरले. यार्देन नदीत उभे राहून बाप्तिस्मा देणाऱ्या संताला तर पाणीच अधिक शोभते. परक्याकडून आलेली गोष्ट आपलीशी कशी करावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

घाटावर हा सण आला तो माणसांबरोबर. बेळगावचे धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाले, त्यापूर्वी या भागातील बराचसा मुलूख गोव्याच्याच महाधर्मप्रांताकडे होता. गोव्यातून घाट चढून आलेली कुटुंबे बेळगाव, खानापूर व त्यापलीकडे स्थिरावली आणि त्यांनी बरोबर लदीन आणली, मांड आणला, सांजांवही आणला. निसर्गाचे नाते तर त्याहून जुने. ज्या म्हादईला गोव्यात मांडवी म्हणतात, ती उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात. गोव्यात सांजांवाला पाण्याचा जो घोष चालतो, त्यातील काही पाणी आपलेच म्हणावयास हरकत नाही. १९५४ नंतर गोव्याच्या सीमेवर निर्बंध आले, १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत इकडच्या माणसांना तिकडे जाणे कठीण झाले. आता चोर्ल्याच्या घाटाने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला गोव्यात पोहोचतो.

परंतु या सर्वांत मुख्य विधी जावयाचा आहे, आणि आज मला त्याविषयीच लिहावयाचे आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवाला सासू जावयाला आमंत्रण देते, त्याच्या डोक्यावर कोपेल ठेवते, गावातले तरुण त्याला विहिरीवर नेतात, आणि परतताना फळाफुलांनी भरलेली टोपली त्याच्या हाती येते. या टोपलीला कोंकणीत ‘वोजें’ म्हणतात. आपल्या मराठीतील ‘ओझे’ तेच. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून वाण देतात. त्याच जातीची ही माया. लेक दिली त्या घराशी नाते घट्ट करण्याची रीत प्रत्येक समाजाने आपापल्या परीने शोधलेली असते. वोज्यात काय असावे? आंबे, फणस, अननस, केळी, काकड्या, आणि फेणीची बाटली.

या बाटलीचा जन्म समजून घेतला पाहिजे, कारण तिला उगाच दूषण देण्यात अर्थ नाही. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. ते आज आपल्या चंदगड-आजऱ्याच्या माळांवरही इतके रुळले आहे की, ते परके होते हे सांगूनही पटत नाही. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. बी वेगळी करून बोंडे दगडाच्या कुंडात तुडवितात, उरलेला चोथा दाबून रस काढतात. चोथ्यातून ठिबकणारा गोड रस तो ‘निरो’. तो ताजा असता लहान मुलेही पितात. आंबवावयाचा रस सुमारे तीन दिवस ठेवतात, त्यात काही घालावे लागत नाही, तो हवेने व स्वभावाने आंबतो. मग भट्टी. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सुमारे पंधरा टक्के मद्यार्काचा, सौम्य, फार दिवस न टिकणारा. तो पुन्हा भट्टीस लावला की फेणी; तिच्यात मद्यार्क चाळीस टक्क्यांहून अधिक. ओतताना फेस येतो म्हणून फेणी, असे म्हणतात. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. म्हणजे असे की, जूनच्या अखेरीस सांजांव येतो तेव्हा हुर्राकाचे दिवस सरलेले असतात आणि त्या वर्षीची नवी फेणी घराघरांतून काचेच्या गरब्यांत भरून ठेवलेली असते. थंडगार विहिरीतून कुडकुडत वर आलेल्या माणसाला घरच्या भट्टीचा घोटभर देणे, हे त्या गावकऱ्यांच्या अंगणात आदरातिथ्यच होते. घरी केलेली, मोजून दिलेली, वडीलधाऱ्यांच्या देखत घेतलेली ती गोष्ट होती.

आता घाटावरची स्थिती पाहा. येथे ना भट्टी आपली, ना बोंडे आपण तुडविलेली. बाटली विकत आणावी लागते. परवान्यावाचून गोव्याची बाटली सीमेपलीकडे आणणे कायद्यास मान्य नाही, तरी सणाच्या आठवड्यात ती सीटखाली दडवून आणणारे महाभाग असतातच. संताच्या नावाने खोटे बोलून चौकी ओलांडावयाची, आणि पुन्हा त्याच संताचा जयजयकार करावयाचा! मग अंगणातला घोट जाऊन दुकानातली पेटी येते. घुमट जाऊन कर्णा येतो. वडीलधारे आत बसतात आणि तरुण बाहेर.

काही वर्षांपूर्वी निपाणीकडील एक माउली मला भेटावयास आली. वखारीत तंबाखू निवडून आणि रात्री विड्या वळून तिने मुली वाढविल्या. घरात गोव्याची रीत नव्हती. परंतु थोरली दिली ती खानापूरकडे, सांजांव पाळणाऱ्या घरात. पहिला सांजांव जवळ आला, आणि कोणी तरी हिला सांगितले की वोज्यात बाटली हवीच, नाही तर लेकीला सासरी बोलून घ्यावे लागेल. ती म्हणाली, “फादर, आमच्या मालकास्नी ह्या बाटलीनंच न्हेलं. आता जावयाच्या हातात म्याच बाटली देऊ व्हय?” आणि मग, थोड्या वेळाने, खाली पाहत: “त्यो संत तरी पीत हुता का वं?”

धर्मज्ञान शिकविताना इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मी तिला लूकचे शुभवर्तमान उघडून दाखविले. गाब्रिएल दूत मंदिरात जखऱ्याला दर्शन देऊन होणाऱ्या पुत्राविषयी ज्या मोजक्या गोष्टी सांगतो, त्यात एक स्पष्ट आहे: हा बालक द्राक्षारस व मद्य यांना कधीही शिवणार नाही. पहिल्याच अध्यायाचे ते पंधरावे वचन आहे. योहान रानात राहिला, टोळ व रानमध खाऊन जगला, आणि त्याच्या जन्मदिवशी आपण दुसऱ्या कोणत्याही सणापेक्षा अधिक बाटल्या उघडतो. तो हे पाहून रागावत असेल की हसत असेल, हे ठरविणे माझे काम नव्हे. पण ही गोष्ट घरातल्या मुलांना ठाऊक तरी असावी.

येथे कोणी म्हणेल की, फादर आता मद्याला पाप ठरविणार. तसे नाही. ज्या प्रभूची वाट योहानाने तयार केली, त्याने काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, आणि तोही उत्तम. योहान खातपीत नाही म्हणून लोकांनी त्याला भूतबाधा झालेला ठरविले. येशू खातोपितो म्हणून त्याला खादाड व मद्यपी म्हटले. प्रभूने स्वतःच हे दोन्ही आरोप एका दमात सांगून ऐकणाऱ्यांच्या पदरी त्यांचा पोरकटपणा घातला आहे. दुसऱ्या योहानाची, म्हणजे शुभवर्तमानकार संत योहानाची, परंपरा पाहा. त्याला विषाचा पेला देण्यात आला व त्याने आशीर्वाद देताच विष निष्प्रभ झाले, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ त्याच्या सणाला, २७ डिसेंबरला, द्राक्षारसाला आशीर्वाद देण्याचा विधी जुन्या रोमन विधिग्रंथात आहे, आणि जर्मन मुलखात तो आशीर्वादित पेला कुटुंबात फिरवितात. एक योहान पेल्याचा, एक योहान पेल्यावाचूनचा. ख्रिस्तसभेने दोघांनाही वेदीवर बसविले. ज्याला झेपते त्याने मापात घ्यावे आणि ज्याला झेपत नाही त्याने मानाने नाकारावे, इतकी जागा आपल्या श्रद्धेत आहे. नाकारणाऱ्याला ‘बायल्या’ म्हणून चिडविणाऱ्यांनी रानातल्या त्या उंटाच्या केसांच्या वस्त्रातील पुरुषाकडे एकदा पाहावे.

आणखी एक मेजवानी आठवा. योहानाचा अंत २९ ऑगस्टला आपण स्मरतो. हेरोदाच्या वाढदिवसाचे जेवण चालू होते, मानकरी बसले होते, मुलगी नाचली, राजाने भर पंक्तीत नको ते वचन दिले, आणि ‘लोक काय म्हणतील’ या एका भयापोटी तुरुंगातील निरपराध माणसाचे शिर तबकात आले. पंक्तीची लाज! त्या माउलीला बाटली घेण्यास भाग पाडणारी गोष्ट तीच होती.

मी तिला बाटली ठेवू नको म्हणून सांगितले. वोजें म्हणजे फळांची टोपली. तिच्यात काय असावे याचा ख्रिस्तसभेने कोठेही कायदा केलेला नाही. तिने आंबे, फणसाचे गरे, अननस भरले, आणि मधोमध आमसुलाच्या सरबताची बाटली ठेवली, घरी केलेल्या. जाताना मला दाखविण्यास आणली होती. लाल रंग पाहून मीही क्षणभर दचकलो. तिच्या विहिणीने पुढे काय म्हटले ते मला कळले नाही. जावयाने मात्र, असे ऐकले, टोपली दुसऱ्या कोणाच्या हाती न देता स्वतःच्या खांद्यावरून नेली.

आपल्याकडे पेयांची वाण आहे काय? आमसुलाचे सरबत आहे, कैरीचे पन्हे आहे, आल्याचा गुळातला कढा आहे. भिजून आलेल्या पोरांच्या अंगात ऊब आणण्यास तो कढा फेणीपेक्षा खरा उपयोगी पडतो. मद्याने अंग तापल्यासारखे वाटते एवढेच. कातडीपाशी रक्त धावते आणि आतली ऊब उलट बाहेर जाते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. बेळगावातील अनेक घरांत नाताळासाठी आले, लिंबू व साखर उकळून जी ‘जिंजर वाईन’ करतात, तिच्यात मद्य नसतेच. ती जूनमध्ये केली तर कोण अडवितो?

यापेक्षा निकडीची गोष्ट विहिरीची आहे. कोकणातील वाड्यावरची विहीर तिथल्या पोरांच्या ओळखीची असते; तिचा तळ, तिच्या पायऱ्या, तिचा दगड त्यांना पाठ असतो. आपल्याकडील शेतविहिरी चाळीस-पन्नास फूट खोल, कित्येकींना कठडा नाही, आत पंपाचे पाइप आणि विजेच्या तारा, जूनच्या पावसाने काठची माती सैल झालेली. मार्कंडेय, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा या नद्यांना त्या दिवसांत गढूळ लोंढा येतो आणि पाण्याखालचे काही दिसत नाही. गोव्यातही किनाऱ्यावरील जीवरक्षक दरवर्षी सांजांवापूर्वी इशारा देतात की, मद्य घेऊन पाण्यात उतरू नका. आपल्या धर्मशिक्षणग्रंथात तर हे थेट लिहिलेले आहे: नशेमुळे रस्त्यावर, पाण्यावर किंवा आकाशात स्वतःचे व दुसऱ्याचे प्राण धोक्यात घालणारा गंभीर दोषाचा धनी होतो. आपल्यापैकी ज्यांनी पावसाळ्यात विहिरीवर जमलेली गर्दी आणि गळ टाकणारे पाणबुडे पाहिले आहेत, त्यांना मी अधिक काय सांगू? त्या रात्री ज्या घरात मला प्रार्थनेसाठी जावे लागते, तेथे कोपेल अजून खुंटीला असते.

म्हणून आमच्याकडे गेली काही वर्षे जी पद्धत पडली आहे ती सांगतो. कोणास उपयोगी पडली तर घ्यावी. विहीर एकच, आदल्या रविवारी पाहून ठेवलेली, कठड्याची व पायऱ्यांची. पंपाची वीज त्या सकाळी तोडलेली. काठावर दोर आणि फुगविलेली ट्यूब घेऊन पोहणारे चार जण, आणि हे चौघे दिवसभर पाण्याखेरीज काही पिणार नाहीत. आधी मिस्सा, मग उडी, मग जेवण, आणि ज्यांना पेला घ्यावयाचा असेल त्यांनी तो जेवणाबरोबर, घरात, पाण्यापासून लांब घ्यावा. हा क्रम उलटा होऊ द्यावयाचा नाही. पहिल्या वर्षी तरुणांनी नाके मुरडली. आता दोर धरण्याचा मान मिळावा म्हणून त्यांच्यातच चुरस लागते.

लहान मुलांसाठी आम्ही विहीर वगळली आहे. ती मुले कोपेल घालून अंगणातल्या चिखलात उड्या मारतात, आणि त्यांची गाण्याची बाई त्यांना सूर म्हणावयास लावते. यातही एक गंमत आहे. पाश्चात्य संगीतातील ‘रे, मी, फा, सोल, ला’ ही स्वरांची नावे याच सणाच्या एका जुन्या लॅटिन स्तोत्राच्या चरणांच्या आद्याक्षरांवरून आली. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन मठवासीयाने मुलांना गाणे लवकर यावे म्हणून ती युक्ती काढली. गोव्यातील देवळांच्या शाळांतून ‘सोल्फा’ शिकून जी पोरे पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली, ती सारी नकळत सांजांवाचेच गाणे गात होती. सारेगमची थोर परंपरा असलेल्या बेळगाव-धारवाडच्या मुलखात ही गोष्ट सांगितली की आमचा तबलजी शेजारी मान डोलावतो, आणि म्हणतो की सूर देवळातून आला काय नि मठातून आला काय, बेसूर नसला म्हणजे झाले.

संध्याकाळी क्रुसापाशी लदीन होते. नव्या जावयांना पुढे बसवितात, त्यांच्या शेजारी त्यांच्या बायका, आणि ज्या घरी त्या वर्षी बाळ जन्मले असेल ते घर पहिली मेणबत्ती लावते. प्रार्थनेनंतर चणे वाटतात. पाऊस बहुधा त्याच वेळी येतो. मग सगळे छत्र्या उघडून उभ्याउभ्याच चणे खातात, आणि कढ्याचे पातेले ताडपत्रीखाली सरकविले जाते.